बाहेर उभं असलेलं श्वायझर 2-33: आतला गंज कुठे शोधायचा?

थर्मल_शोधक:
फ्लोरिडातल्या क्लबसाठी 1970 सालचं 2-33 (दोन आसनांचं, बिनइंजिनाचं प्रशिक्षण ग्लायडर) विकत घ्यायला बघतोय. बरीच वर्षं उघड्यावर बांधून ठेवलेलं आहे. सांगाड्यावरचं कापड चार वर्षांपूर्वी बदललंय, वरून गंजाचा ठिपकाही दिसत नाही. पैसे देण्याआधी काय काय उघडून बघावं?

रिवेट_13:
नव्या कापडावर भिस्त ठेवू नका. सांगाडा 4130 क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिश्रित) पोलादी नळ्यांचा आहे आणि रिकामं ग्लायडर शेपटीवर टेकून उभं राहतं, त्यामुळे पाणी मागच्या बाजूला उतरतं. खालच्या लांब नळ्या आणि शेपटीचा उभा खांब, सुरुवात तिथूनच करा. कापडाच्या तळाला पाणी निघायला भोकं असतात. ती धुळीनं, गवतानं बुजतात, मग ओलं कापड नळीला चिकटून राहतं. प्रत्येक भोकात तार घालून बघा.

तपासणीची झाकणं उघडून टॉर्च आणि आरशानं रंगाचे फुगवटे शोधा. संशयाच्या जागी टोच्या जोरात दाबा. खळगा पडला तर ती नळी गेलीच. मात्र नळी आतूनही सडते, तेव्हा बाहेरचा रंग शाबूत असतो. त्यासाठी अल्ट्रासोनिक मापक (ध्वनिलहरींनी धातूची जाडी मोजणारं यंत्र) लागतं. रंग खरवडून नळीच्या तळाच्या बाजूला दर 5 सेंटीमीटरवर मोजा आणि त्याच नळीच्या वरच्या बाजूच्या जाडीशी ताडून पाहा. अशा विमानांत 0.035 इंच, म्हणजे जेमतेम 0.9 मिमी जाडीची नळी सर्रास वापरतात. 0.1 मिमी गेलं तरी नववा हिस्सा गेला! मोजायला जागा मिळत नसेल तर तळाची कापडाची पट्टी कापू द्या म्हणावं. ठिगळ स्वस्तात लागतं, नळी कापून वेल्डिंग करणं नाही.

पंखाखालचा:
पंख ॲल्युमिनियमचे आहेत, तिथे शत्रू वेगळा: उंदीर. त्यांच्या मुतानं पत्रा खाल्ला जातो. बोरोस्कोप (लांब नळीच्या टोकाचा कॅमेरा) घालून घरटी शोधा. रिवेटभोवती पांढरी भुकटी किंवा दोन रिवेटांमध्ये फुगलेला पत्रा म्हणजे आत गंज साचलाय. पोलादी जोड ॲल्युमिनियमला भिडतात त्या जागा आणि स्ट्रटची (पंखाला खालून आधार देणाऱ्या दांड्याची) टोकं नीट बघा. कंट्रोल केबल सैल करून, पुलीवर येणारा भाग वाकवून पाहा. पेडांतून तांबूस भुकटी पडली तर केबल बदलाच.

थर्मल_शोधक:
मालक म्हणतो नळ्यांत जवसाचं तेल घातलंय. मग आतून काळजी नको ना?

रिवेट_13:
कोरड्या नळीत ओतून, निथळवून, भोक बंद केलं असेल तर तेल पुढचा गंज रोखतं. गेलेला धातू परत येत नाही. एक फायदा मात्र आहे: वेल्डजवळ तेलाचा ओघळ दिसला, तर तिथे तडा किंवा भोक आहे. ती जागा आधी मोजा.