रिडलची डायरी नऊ वर्षांच्या मुलीच्या हातात द्यावी का?

कर्वेरोड_रिटर्न:
काल इथे एका ताईंनी लिहिलं की हॅरी पॉटरचा दुसरा भाग लहान मुलींना देऊ नका, त्यातला टॉम रिडल गोडगोड बोलून पोरीला नादी लावतो. डोकंच फिरलं. अहो, म्हणूनच द्यायचं! अकरा वर्षांची जिनी, नवीन शाळा, कुणाचेतरी जुने झगे, जुनी पुस्तकं, भाऊ चिडवतात आणि तिला सापडलेल्या जादूच्या डायरीतला हा सोळा वर्षांचा मुलगा, म्हणजे पुढचा खलनायक, सगळं न कंटाळता ऐकून घेतो, लिहिलं की पानावर उलट उत्तर देतो. तिला ताब्यात घेऊन तिच्याच हातून सोडवलेला तो अजगराएवढा साप वगैरे नंतर, खरी भीती त्या ऐकून घेण्याची आहे. माझ्या मुलीने मध्येच विचारलं, ही आईला का नाही सांगत?

बावधनची_आई:
मीच ती ताई. तुमच्या मुलीने प्रश्न विचारला, छान. माझी रात्री दचकून उठायची म्हणून मी पुस्तक अर्ध्यात काढून घेतलं. त्यात तिने स्वतःची डायरी लिहिणंपण सोडलं. ती मी अधूनमधून बघायचे, मनात काय चाललंय ते तरी कळायचं.

पेठेतला_जुना:
रामायणातली मंथरा चालते का मग? कैकेयीचे कान कसे फुंकले ते आपण चार वर्षांच्या पोरांना रंगवून सांगतो. इंग्रजी पुस्तक आलं की सगळे मानसतज्ज्ञ. आणि मराठी घ्यायचं म्हटलं तर अप्पा बळवंत चौकात गाडी कुठे लावायची ते सांगा आधी.

निळी_शाई:
पार्किंग राहू द्या काका. ताई, तुम्ही मुलीची डायरी वाचता???

बावधनची_आई:
नऊ वर्षांची आहे ती. आई आहे मी.

निळी_शाई:
माझ्या आईनेपण वाचली होती. आठवीत. वर मावशीसमोर मोठ्याने, हसत हसत. नंतर क्लासचे एक सर मेसेज करायला लागले, घरी बोलू नकोस, त्यांना तू कळणार नाहीस, आणि मी खरंच नाही बोलले कारण घरी बोललं की त्याचा तमाशा होतो हे मला पाठ झालं होतं. रिडलला आयतं रान तुम्हीच देता.

सिंहगडरोड_बाबा:
वाईट झालं, पण म्हणून आईबापांनी डोळे मिटायचे? मी मुलीचा फोन बघतो आणि बघणारच. जिनीचे वडीलच शेवटी ओरडतात ना, स्वतः विचार करणाऱ्या वस्तूचा मेंदू कुठे आहे ते दिसत नसेल तर भरवसा ठेवू नकोस म्हणून? आता पोरं चॅटबॉटला मनातलं सांगतात. तेव्हा कुठे जाते तुमची प्रायव्हसी?

कर्वेरोड_रिटर्न:
ओरडतात, पण कधी? सगळं झाल्यावर. आणि आधी त्यांनी ती डायरी उघडली असती तरी कोरीच दिसली असती, शाई शोषून घेते ती. तपासून काय घंटा सापडणार होतं?

सिंहगडरोड_बाबा:
भाषा सांभाळा. मुली तुम्हाला एकट्यालाच नाहीत.

निळी_शाई:
बाबा, जिनी सांगायला आली होती हो. हॅरी आणि रॉनच्या शेजारी येऊन बसली, तोंड उघडलं आणि थोरला भाऊ पर्सी टपकला. त्याला वाटलं आपल्या गर्लफ्रेंडचं बिंग फोडतेय, हाकलूनच दिलं तिला. तो सीन वाचा परत.

पेठेतला_जुना:
म्हणजे चूक थोरल्या भावाची. घराघरात एक पर्सी असतोच, आमच्याकडे आमचे बंधू आहेत, वाटणीवरून... असो.

बावधनची_आई:
इतकं पाठ करून भांडताय तर ऐका. शाळेचा हेडमास्तर डंबलडोर तिला शिक्षा करत नाही, मोठमोठे जादूगार फसले म्हणतो आणि गरम चॉकलेट प्यायला पाठवतो, तो भाग चांगला आहे, मान्य. माझ्या मुलीला तिथपर्यंत मीच पोचू दिलं नाही, तेही मान्य, झालं समाधान? सुट्टीत परत देईन, मी शेजारी बसून. डायरीचं माझं मी बघेन.

निळी_शाई:
बघेन म्हणजे वाचणारच ना.

बावधनची_आई:
तुम्हाला मूल झालं की बोलू.