पीडीएफमध्ये आपोआप स्क्रिप्ट: मागितली कोणी होती?

खडूस_कारकून (धागाकर्ता)
परवा दुसऱ्या धाग्यावर एका सदस्यानं ठोकून दिलंय: "वर्डची पीडीएफ होताना कन्व्हर्टरनं टिंबटिंबाच्या रेघा ओळखाव्यात, तिथे भरायचे रकाने करावेत आणि बेरीज, तारीख, तपासणी यांची जावास्क्रिप्ट न विचारता घालून द्यावी. विचारत बसण्यात वेळ जातो." जावास्क्रिप्ट, थोडक्यात स्क्रिप्ट, म्हणजे फाइलच्या आत बसून आपोआप चालणाऱ्या सूचना. उत्तर लांबलं, म्हणून वेगळा धागा.

पीडीएफ १९९३ साली आली ती एका कामासाठी: माझ्या मशीनवर दिसतं तेच पान तुमच्या मशीनवर दिसावं. स्क्रिप्ट घातली की नेमकं तेच हरवतं. अ‍ॅक्रोबॅट ती चालवतो. क्रोम अर्धीमुर्धी चालवतो. फायरफॉक्सनं २०२१ मध्ये, आवृत्ती ८८ पासून, चालवायला घेतली. मोबाइलवरचे बहुतेक व्ह्यूअर तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. म्हणजे एकाच अर्जात जोश्यांना एकूण रक्कम आपोआप दिसणार आणि शेखांना तोच रकाना रिकामा. शेख म्हणणार फॉर्म बिघडलाय, जोशी म्हणणार तुम्हालाच भरता येत नाही.

आणि ते "न विचारता" मला जास्त खटकतं. मजकूर लिहिणाऱ्यानं वर्डमध्ये तपासला, साहेबांनी वर्डमध्येच मंजूर केला. स्क्रिप्ट आत गेली त्यानंतर. ती कुणीच वाचलेली नाही. उद्या बेरीज चुकली तर जबाबदार कोण? कन्व्हर्टर?

व्याजदर
तो "एक सदस्य" म्हणजे मी. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं, आम्ही काही लाजत नाही.

साहेब, तुम्ही कधी पतसंस्थेच्या काउंटरवर बसलात का? कर्जाच्या अर्जात उत्पन्नाची बेरीज माणसं हातानं करतात आणि निम्म्या अर्जांत ती चुकलेली असते. आयएफएससी कोड अकरा अक्षरांचा, पाचवं अक्षर कायम शून्य. लोक तिथे इंग्रजी ओ लिहितात. मग पैसे परत येतात आणि शिव्या आम्ही खातो. स्क्रिप्ट ते जागच्या जागी पकडते. वर्डमधून नुसतं "सेव्ह अ‍ॅज पीडीएफ" केलं तर वर्डमधले फॉर्मचे रकाने मेलेले बाहेर येतात. मग ते पुन्हा हातानं कोण जिवंत करणार? आमच्याकडे एकच मुलगा आहे, तोच प्रिंटरही दुरुस्त करतो. म्हणून आपोआप.

आणि विचारून काय होणार? "स्क्रिप्ट घालू का?" या प्रश्नावर आमचे व्यवस्थापक न वाचता ओके दाबतात.

फायरवॉल_भाऊ
न वाचता ओके दाबतात, हे तुम्ही तुमच्या बाजूचा मुद्दा म्हणून सांगताय? धन्य.

२००९ आठवतंय का? अ‍ॅडोबी रीडरमधल्या जावास्क्रिप्टच्या भोकांतून धडाधड हल्ले होत होते आणि खुद्द अ‍ॅडोबीच सांगत होती की दुरुस्ती येईपर्यंत जावास्क्रिप्ट बंद ठेवा. रीडरला सँडबॉक्स, म्हणजे फाइलमधला कोड बाकी मशीनपासून कोंडून ठेवणारा कप्पा, मिळाला तो पुढे २०१० मध्ये, रीडर टेनबरोबर. पण २००९ पासून कितीतरी ऑफिसांत जावास्क्रिप्ट बंद आहे ती आहेच. मेलचे फिल्टर आत स्क्रिप्ट दिसली की जोडपत्र काढून टाकतात. तुमचा अर्ज पोचलाच नाही तर शून्य आणि ओ कोण तपासणार?

जानेवारी २०२५ मध्ये एका शाळकरी पोरानं पीडीएफच्या आत डूम हा गेम चालवून दाखवला. क्रोममध्ये. ही तुमची "नुसती बेरीज".

व्याजदर
गेम चालतो म्हणून बेरीज नको? चाकूनं बोट कापतं म्हणून कांदा चिरायचा नाही का?

तिसरा_मजला
आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची नोटीस कुणीतरी फुकटच्या ऑनलाइन कन्व्हर्टरमधून काढली. त्यानं आत "उघडताक्षणी छापा" असा हुकूम घालून ठेवलेला. ज्येष्ठ मंडळी वेळ बघायला फाइल उघडणार, समोर प्रिंटची चौकट, हे ओके दाबणार. एका काकांकडे नोटिशीचा गठ्ठा झाला. सभेत विषय निघाला तो सेक्रेटरीनं मुद्दाम केलं का इथपर्यंत गेला, पार्किंग राहिलंच. कन्व्हर्टरनं आगाऊपणा करू नये या मताची मी तेव्हापासून.

अर्धा_र
सगळे इंग्रजी फॉर्मबद्दल बोलताय. मराठीचं काय? पानावरचा मजकूर वर्डनं आधीच जुळवलेला असतो, म्हणून नीट दिसतो. भरायच्या रकान्यात मात्र अक्षरं जुळवायचं काम व्ह्यूअरवर येतं आणि कित्येकांना ते जमत नाही. वेलांटी मागे जाते, जोडाक्षराचा पाय मोडतो, रफार हवेत. वर कन्व्हर्टर फॉन्टमधली फक्त पानावर वापरलेली अक्षरं आत ठेवतो. तुमच्या अर्जात कुठेच ढ नसेल तर ढमढेऱ्यांनी आडनाव कसं लिहायचं?

डीटीपी_दादा
हे युनिकोडवाले, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक हवा म्हणणारे, आले की मला हसू येतं. आमच्याकडे पानं जुळवायला पेजमेकर आणि मराठी फॉन्टला जुनी श्रीलिपी. अक्षर जिथे ठेवलं तिथेच राहतं. वेलांटी कुठे पळत नाही.

अर्धा_र
पळणार कुठे? ती मुळात इंग्रजी अक्षरांच्या जागेवर बसवलेली चित्रं आहेत. तुमच्या पीडीएफमधून एक ओळ कॉपी करून दाखवा, कचरा मिळेल. शोध लागत नाही, स्क्रीन रीडर वाचू शकत नाही. माझी बहीण अंध आहे, तिला तुमची "जागेवर राहणारी" वेलांटी ऐकू येत नाही.

डीटीपी_दादा
ताई, बहिणीचं मध्ये आणू नका, त्यावर मी काय बोलणार? पण युनिकोड पीडीएफची एक ओळ तुम्हीही कॉपी करून बघा. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येऊन बसते, कारण आत मजकूर दिसण्याच्या क्रमानं ठेवलेला असतो. कचरा तो कचराच, तुमचा जरा नवा. आणि पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची, हे मला माहीत आहे, टोमणा मारायची गरज नाही. लग्नपत्रिकेचं गिऱ्हाईक कॉपी-पेस्ट मागत नाही.

अर्धा_र
टोमणा अजून मारलाच नव्हता. आता मारते: लग्नपत्रिकाच छापा मग. गॅझेट, निकाल, सातबारा यांच्या वाटेला जाऊ नका. क्रमाचा घोळ होतो, मान्य. पण नीट बनवलेल्या पीडीएफमध्ये दिसणाऱ्या अक्षरांमागे खरा मजकूर वेगळा जोडता येतो. श्रीलिपीत मागे जोडायला खरा मजकूर असतो कुठे?

डीटीपी_दादा
वीस वर्षांच्या फाइली आहेत. रूपांतर तुम्ही करून देणार? फुकट? नाही ना? मग उपदेशही नको.

खडूस_कारकून
धागा स्क्रिप्टचा होता, वेलांटीचा नव्हे.

व्याजदर, आयएफएससीचं मान्य. तेवढंच. बाकी तुमची बेरीज १२,३४,५६७ दाखवते की १,२३४,५६७? अ‍ॅक्रोबॅटच्या तयार आकडेमांडणीत लाखाचे स्वल्पविरामच नाहीत, हजारा-हजारानं तोडतो तो. आपोआप घातलेली स्क्रिप्ट हाच साचा उचलणार.

व्याजदर
दाखवत होती तशी. मग आमच्या मुलानं चार ओळी लिहून लाखाप्रमाणे केलं.

खडूस_कारकून
म्हणजे माणूस बसला, स्क्रिप्ट वाचली, बदलली. मग आपोआप कुठे झालं?

व्याजदर
एकदा लिहिली, आता सगळ्या अर्जांत आपोआप जाते! वकिली करायला हवी होती तुम्ही, साहेब.

फायरवॉल_भाऊ
आणि कर्ज मंजूर झाल्यावर जी प्रत जपून ठेवता, तीही स्क्रिप्टवालीच? पीडीएफ/ए हा जतनाचा प्रकार २००५ पासून आयएसओ मानक आहे आणि त्याच्या पहिल्या तीन भागांत जावास्क्रिप्टला सक्त मनाई आहे. कारण उघड आहे. दहा वर्षांनी कोर्टात फाइल उघडली आणि तारखेच्या रकान्यानं आजची तारीख टाकली, तर कर्जदाराचा वकील पेढे वाटेल.

व्याजदर
...तारखेचं बघतो. भरायची प्रत स्क्रिप्टवाली, ठेवायची प्रत पीडीएफ/ए. खूश? पण आपोआपच. दोन्ही.

तिसरा_मजला
आणि विचारणारी चौकट?

व्याजदर
टाकतो, ताई. टिक मात्र आधीपासून केलेली असेल.

खडूस_कारकून
म्हणजे न विचारताच.

डीटीपी_दादा
चौकटीतला मजकूर मराठीत असेल तर फॉन्ट कुठला?