पंचवीस वर्षं थांबून संग्रह होत नसतो

रेघोटी:
जुनीचौकट यांचा परवाचा लेख वाचून डोकं तापलंय, म्हणून हा वेगळा धागा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: समकालीन कलेच्या संग्रहालयाने ताजं काम घेऊच नये. पंचवीस वर्षं थांबावं, काळाच्या चाळणीतून उरेल तेवढंच घ्यावं.

अहो, पण ही चाळणी कोणाच्या हातात असते? पंचवीस वर्षांत गॅलऱ्या, लिलाव आणि पैसेवाले संग्राहकच ठरवतात काय उरणार ते. ज्याचं काम कुणी घेतलं नाही, त्याच्या स्टुडिओचं भाडं थकतं आणि काम भंगारात जातं. जे उरतं त्याची किंमत तोवर संग्रहालयाच्या आवाक्याबाहेर गेलेली असते. मग देणगीदार देईल ते मुकाट्याने भिंतीवर लावायचं. लंडनच्या टेट संग्रहालयाने १९७२ मध्ये शिल्पकार कार्ल आंद्रेचं १२० विटा रचून केलेलं शिल्प घेतलं, १९७६ मध्ये वर्तमानपत्रांनी त्यावरून झोडपून काढलं. आज मिनिमलिझमबद्दल, म्हणजे अगदी साध्या आकारांच्या त्या कलाप्रवाहाबद्दल, बोलायचं तर त्या विटांना वळसा घालून जाता येत नाही.

जुनीचौकट:
विटा येणार हे माहीतच होतं. फसलेल्या खरेद्यांची यादी कोण देतं? मी एका खरेदीसमितीत अभ्यासक म्हणून बसलोय. तीन स्लाइड, 'सध्या यांचं नाव जोरात आहे' एवढं एक वाक्य, हात वर, मंजूर. आपल्या संग्रहात हे कुठे बसतं, हा प्रश्न एकानेही विचारला नाही. हात वर करणाऱ्यांत एका विश्वस्ताच्या घरी त्याच चित्रकाराची चित्रं होती. संग्रहालयाने एक घेतलं की घरातल्या चित्रांचा भाव चढतो. मला तेव्हा तोंड उघडता आलं नाही, तो सल अजून आहे.

रेघोटी:
हे वाईटच आहे, मान्य. त्या विश्वस्ताला ठरावाच्या वेळी बाहेर बसवा. त्याच्यापायी खरेदीच का बंद करायची?

मातीकाम:
तुम्ही दोघंही खरेदीवर भांडताय. आमच्यासारख्यांकडून फुकट घेतात त्याचं काय? मी एका संग्रहालयाला रबर आणि कापडाचं मोठं काम दिलं. नऊ वर्षं झाली, खोका उघडलेला नाही. अमेरिकेत तर १९६९ च्या कायद्यापासून कलाकाराने स्वतःचं काम दिलं तर साहित्याच्या खर्चापुरतीच करसवलत. तेच काम संग्राहकाने दिलं की बाजारभावाने!

निगराणी:
अवांतर होईल, पण रबर म्हणालात म्हणून लिहिते. मी संवर्धक आहे, कलाकृती जपणं-दुरुस्त करणं हे माझं काम. असाच एक खोका उघडला होता. आतलं लॅटेक्स (थराथराने लावायचं पातळ रबर) तपकिरी, घडीवर चिकटलेलं, बोट लावलं की कडेचा तुकडा हातात. नोंदीत एकच शब्द, 'रबर'. कुठलं, किती थर, टांगायचं की पसरायचं, काही नाही. कलाकार वारलेले. दोन महिने मी जुन्या फोटोंवरून अंदाज बांधत बसले. शिल्पकार ईवा हेसचं १९६९ चं लॅटेक्सचं काम 'एक्स्पांडेड एक्स्पान्शन' न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात तीस वर्षांहून जास्त काळ लोकांपुढे आलं नव्हतं, २०२२ मध्ये खूप खटपटीनंतर आलं. ती १९७० मध्येच गेली, चौतिसाव्या वर्षी. विचारणार कुणाला?

जुनीचौकट:
मग नासणारी वस्तू घ्यायचीच कशाला? सार्वजनिक पैसा आहे तो.

निगराणी:
साहेब, ब्राँझ आणि कॅनव्हासच घ्यायचं म्हटलं तर त्या अख्ख्या पिढीचं निम्मं काम बाद. हा कसला इतिहास?

मातीकाम:
अगदी! 'नासणारी वस्तू' हा शब्द मागे घ्या. माझ्या कामाबद्दल बोलताय.

जुनीचौकट:
मागे घेणार नाही. कामं घ्या, सडवा, चूक कळली की विका. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयाने २०१९ मध्ये चित्रकार रॉथकोचं एक चित्र पाच कोटी डॉलरना विकलंच ना?

रेघोटी:
विकलं, आणि त्या पैशातून आल्मा थॉमस, लिओनोरा कॅरिंग्टन या स्त्री-चित्रकारांची कामं आली. हे नवीनही नाही. न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९३९ मध्ये पिकासोचं 'आविन्याँच्या तरुणी' मिळवलं ते संग्राहक लिली ब्लिसच्या वारशातलं चित्रकार देगाचं चित्र देऊन. त्या बाईंनी मृत्युपत्रात तशी मुभाच ठेवली होती. छत दुरुस्त करायला चित्र विकलं असतं तर मीही तुमच्या बाजूने ओरडले असते.

जुनीचौकट:
देगाचं ठाऊक होतं. मृत्युपत्रातल्या मुभेचं नव्हतं. ठीक. विक्रीचा पैसा फक्त खरेदीलाच, एवढं लेखी असेल तर मी विक्रीवर अडणार नाही. पंचवीसचे दहा करायलाही तयार आहे. त्याखाली नाही.

निगराणी:
दहा वर्षांत लॅटेक्स कडक होतं हो. घ्या किंवा नका घेऊ, पण कलाकार आहे तोवर त्याला बसवून विचारून घ्या. मातीकाम, तुमच्या कामात रबर कुठलं होतं? आधीच व्हल्कनाइज केलेलं (गंधकाने पक्कं केलेलं) की साधं? किती थर दिले होते?

मातीकाम:
साधं. थर सहा की सात, आता आठवत नाही. वही माळ्यावर आहे, काढतो.

निगराणी:
पानांचे फोटो काढून त्या संग्रहालयाला आजच पाठवा, आणि खोका थंड, अंधाऱ्या जागी हलवायला सांगा.