प्रतिसाद: टू-व्हील ड्राइव्हच्या पिकअपला फोर-व्हील ड्राइव्हचा गिअरबॉक्स

तुमच्या टू-व्हीलच्या (ताकद फक्त मागच्या चाकांना) पिकअपला बसवायला पुण्याच्या नाना पेठेत त्याच मॉडेलचा फोर-व्हीलचा (ताकद चारही चाकांना) बॉक्स स्वस्तात मिळतोय म्हणता, पण बेलहाउसिंग, म्हणजे इंजिनाला जोडणारं पुढचं कवच, जुळलं म्हणजे काम झालं असं नाही. खरा फरक मागच्या टोकाला. टू-व्हीलच्या बॉक्सची मेन शाफ्ट (ताकद मागे बाहेर नेणारी) सहसा लांब, तिच्यावर टेल हाउसिंग (मागचं कवच), आत स्लिप योक, म्हणजे मागच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचं पुढचं टोक, सरकतो. फोर-व्हीलची शाफ्ट आखूड, थेट ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) जाते. केसशिवाय बसवलात तर मागून सगळं ऑइल बाहेर.

जुनी मेन शाफ्ट आणि टेल हाउसिंग धड असेल तर तीच नव्या बॉक्समध्ये घाला. त्यासाठी बॉक्स पूर्ण खोलावा लागतो, तेव्हाच बेअरिंग, सिंक्रो रिंग (गिअर अलगद पडावा म्हणून असलेल्या कड्या), मागचं ऑइल सील बदला. ट्रान्सफर केससकट बसवायचं तर प्रॉपेलर शाफ्ट सहसा कापून बॅलन्स करून घ्यावी लागते, नाहीतर वेगात गाडी थरथरते. पैसे देण्याआधी जुनी क्लच प्लेट त्या बॉक्सच्या इनपुट शाफ्टवर (इंजिनाकडची पुढची शाफ्ट) सरकवून बघा, दाते जुळतात का कळेल.