भंगारातून काय केलंत, आणि ते आजही चालतंय का?

मराठवाड्यात भंगाराला तोटा नाही. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांमागे पॅलेटचे ढीग, मोंढ्याच्या मागल्या अंगाला सुटे केलेले ट्रॅक्टर, गावोगाव कोरड्या पडलेल्या बोअरमधून उपसून काढलेले जीआय पाइप. लोखंड बहुतेक शेवटी जालन्याच्या भट्ट्यांत जातं आणि सळई होऊन परत आपल्याच स्लॅबमध्ये येतं. मधल्या मधे काही माणसं त्यातलं एखादं काही उचलून घरी आणतात आणि घरच्यांची बोलणी खातात. अशांचे अनुभव इथं हवेत.

अट एकच, फोटोपुरती वस्तू नको. टायरची खुर्ची रंगवून अंगणात ठेवली आणि पहिल्याच पावसात तिच्यात डास झाले, हे आपण पुष्कळ पाहिलंय. जी वस्तू आज शेडात, रानात, दुकानात रोज हाताशी आहे तीच सांगा. कशापासून केली, कुठं अडलं, दुसऱ्यानं करायची तर काय सांभाळावं.

सुरुवात मी करतो. माझ्या कामाच्या टेबलाचे पाय आटलेल्या बोअरच्या सव्वा इंची पाइपांचे आहेत. पाइपाच्या टोकाला आटे आधीच असतात, त्यावर बसणारे सॉकेटही सोबत मिळतात. चारही पायांच्या खालच्या टोकाला सॉकेट तसंच ठेवलं. शहाबादी फरशी कुठं वर, कुठं खाली. जो पाय डुगडुगेल त्याचं सॉकेट अर्धा फेरा सोडायचं, टेबल बसतं. विकतच्या स्टँडला असली सोय नव्हती.

वेल्डिंग करणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवावं की या पाइपावर जस्त असतं. जोडाच्या जागी आतून-बाहेरून घासून जस्ताखालचं लोखंड दिसू द्या, मगच रॉड लावा. पांढरा दाट धूर निघाला म्हणजे जस्त जळतंय. तो धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. वेल्डर लोक त्यावर दूध-गूळ घेतात. घ्यायला हरकत नाही, पण तो इलाज नव्हे. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून काम करणं हाच इलाज.

अंबाजोगाईकडचा, लोहारकाम

भंगारात आम्ही पहिल्यांदा टेम्पोच्या स्प्रिंगचा पाटा बघतो. कोळप्याची पास (तण कापायचं पातं), विळा, कुऱ्हाड, सगळं त्यातून निघतं. पण ढिगातला कोणताही पाटा उचलायचा नाही. दोरीनं टांगायचा आन् हातोडीनं टिचकी मारायची. टणटणीत आवाज लांबला तर घ्यायचा. भद्द वाजला तर आत कुठंतरी चीर हाय, तो वजनकाट्यावरच सोडायचा. वर्षानुवर्षं खड्डे खाल्लेलं लोखंड हाय ते, डोळ्याला चीर दिसत नाही.

आता पाणी पाजायचं, म्हंजी तापवून-बुडवून पोलाद कडक करायचं. पोरं व्हिडिओ बघून येत्यात आन् लाल झालं की बादलीत बुडवित्यात. पाट्याचं पोलाद पाण्यात घातलं की ‘चट्’ आवाज येतो, झालं, पास फुटली. याला तेलच लागतं. लोक जळकं इंजिन ऑइल वापरत्यात, त्याचा धूर डोळ्यांत जातो आन् घरभर वास. मी सरकीचं तेल वापरतो, तेबी हाताला सोसल एवढं कोमट करून. कोमट तेल पातळ असतंय, पोलाद सारखं थंड होतंय. किती तापवायचं ते चुंबकावर बघायचं. चुंबक धरायचं सोडलं म्हणजे ७७० अंशांच्या आसपास आलं, त्याच्यावर अजून थोडं जाऊ द्यायचं आन् सरळ उभं तेलात.

येवढ्यावर सोडलं तर पास काचेवानी तडकंल. म्हणून एक अंग घासून चकचकीत करायचं आन् मंद आचेवर परत तापवायचं. त्या चकाकीवर आधी गवती पिवळा रंग धावतो, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. विळा तांबूस झाला की काढतो, धार टिकावी म्हणून. पासंला रानात दगड लागत्यात, तिला निळ्यापर्यंत जाऊ देतो. रंग भर उन्हात दिसत नाहीत, सावलीत करा.

जालना, रि-रोलिंग मिलमधला फिटर

काकांनी लाखाचं सांगितलं. त्यात माझी भर. पाटा तरी ओळखू येतो, पण भंगारात नुसती पट्टी किंवा गोल बार हाती आला तर ते साधं लोखंड की पोलाद, हे ग्राइंडरवर कळतं. अंधाऱ्या कोपऱ्यात ग्राइंडर टेकवा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, पिवळट, सरळ रेघांसारख्या जातात. कार्बन जास्त असेल तर ठिणगी थोडी पुढं जाऊन फुटते, चांदण्या होतात. जितक्या चांदण्या जास्त, तितकं पाणी चांगलं धरेल. शेजारी एक कानस आणि एक सळईचा तुकडा ठेवा, तिघांच्या ठिणग्या ताडून बघा. हल्ली काही स्वस्त कानसी नुसत्या वरून कडक असतात, आत साधं लोखंड. त्यांची सुरी करायला जाल तर धार राहत नाही. तेही ठिणगीवरच पकडता येतं.

दुसरं, आमच्याकडं भट्टीत माल टाकायच्या आधी बंद वस्तू वेचून काढतात. दोन्हीकडून बंद पाइप, शॉकअब्सॉर्बर, झाकण लागलेला डबा. आत हवा, तेल किंवा पाणी कोंडलेलं असतं आणि उष्णता लागली की ते फुटतं. घरच्या छोट्या भट्टीलाही हाच नियम. मोटारसायकलच्या शॉकअपचा दांडा चांगला असतो म्हणून तो अख्खाच विस्तवात घालणारे मी पाहिलेत. गॅस भरलेला शॉकअप तर उघडायच्याही भानगडीत पडू नये.

उदगीर

माझ्या सासूबाईंचं शिलाई मशीन गंजून गेलं, पण खालचं ओतीव स्टँड ठणठणीत होतं. मोठ्या चाकावरचा चामडी पट्टा वर एका दांड्यावर घेतला, दांडा दोन बेअरिंगांत, टोकाला धार लावायचा दगड. पायानं चालतं. गल्लीतल्या बायकांच्या विळ्या, माझ्या शिवणकामाच्या कात्र्या सगळ्या यावरच. लाइट गेली तरी काम अडत नाही, आणि आमच्याकडे ती कधी जाते ते विचारू नका.

विजेच्या ग्राइंडरपेक्षा हे मला जास्त पटतं. दगड हळू फिरतो, त्यामुळं पातं तापून निळं पडत नाही. कार्बन पोलादाची कात्री एकदा निळी पडली की तेवढ्या जागेची धार गेलीच समजा. दगडावर नारळाच्या करवंटीतून थेंबथेंब पाणी पडतं, एवढाच थाट.

स्टँडला भोकं पाडताना घाबरले होते, पण ओतीव लोखंडात ड्रिल सहज जातं. तेल लागत नाही, काळा भुसा पडतो. ठोकाठोकी मात्र अजिबात नको, एका फटक्यात तडा जातो आणि तो घरगुती वेल्डिंगला दाद देत नाही. पट्टा सैल झाला की तारेची क्लिप काढून अर्धा इंच कापते.

(सुरुवात करणारा) ताई, दगडाला कड्याचं झाकण आहे का? नसेल तर पातळ पत्र्याचं करून घ्या.

उदगीर: आहे. तेलाच्या डब्याचं.

लातूर, कॉम्प्युटर दुरुस्ती

जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, फेकू नका. त्याच्या २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर कोणत्याही काळ्या वायरीला जोडली की तो मदरबोर्डशिवाय चालू होतो. मग पिवळी १२ व्होल्ट, तांबडी ५, नारिंगी ३.३. मी त्याला बटण आणि चार टर्मिनल लावून डब्यात बसवलाय. हंगामात माझ्याकडे कॉम्प्युटर कमी आणि बॅटरीवरचे फवारणी पंप जास्त येतात. पंप १२ व्होल्टचा. शेतकरी म्हणतो ‘मोटर गेली’. पिवळ्या-काळ्यावर लावून बघितलं की निम्म्या वेळा मोटर ठीक असते आणि बॅटरी मेलेली. हजाराची मोटर घ्यायला निघालेला माणूस तिथंच वाचतो.

जुने काही एसएमपीएस भार नसला की लगेच बंद पडतात. तांबड्या आणि काळ्यामध्ये १० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर कायमचा टाकून ठेवा. त्यातून अर्धा अँपिअर जातो, रेझिस्टर तापतो, म्हणून पंख्यासमोर बसवा. आणि या १२ व्होल्टवर बॅटरी चार्ज करायला जाऊ नका. १२ च्या बॅटरीला भरायला १४ च्या आसपास व्होल्ट लागतात. डबा उघडायचाच असेल तर प्लग काढून बराच वेळ थांबा. आतले मोठे कॅपॅसिटर वीज धरून बसलेले असतात.

मायक्रोवेव्ह ओव्हनच्या ट्रान्सफॉर्मरपासून वेल्डिंग करण्याबद्दल मला सारखं विचारतात. मी सांगत नाही. त्याची दुय्यम बाजू दोन हजार व्होल्टच्या घरातली आहे, त्यात चुकायला दुसरी संधी नसते.

वाळूज, टूल रूम

पॅलेटबद्दल. परदेशातून माल घेऊन आलेल्या लाकडी पॅलेटवर जळका शिक्का असतो. एचटी असेल तर लाकूड गरम करून, म्हणजे गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं ठेवून, निर्जंतुक केलेलं. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेली. एमबीवालं घरात आणू नका, जाळू तर मुळीच नका. शिक्का नसलेलं पॅलेट देशी, त्याच्यावर काय सांडलंय हे वास घेऊन आणि डाग बघून ठरवायचं.

मी यातून हत्यारांची मांडणी केली, ड्रिल मशीनचं टेबल केलं. रंध्याला लावायच्या आधी फळीवरून चुंबक फिरवा. तुटलेला अर्धा खिळा आत राहतो आणि रंध्याचं पातं खातो. आणि हो, कंपनीच्या मागं पडलंय म्हणून फुकट नसतं. भंगाराच्या ठेकेदाराकडून पावतीनं घ्या, गेटवर वाद नको.

औसा तालुका

आमच्या शेडच्या मागल्या भिंतीचे पत्रे १९९३ च्या भूकंपानंतरच्या तात्पुरत्या निवाऱ्याचे आहेत. ३० सप्टेंबरनंतर या भागात पत्र्यांचीच वस्ती होती. घरं झाली, पत्रे राहिले. आधी गोठ्याला, मग कडब्याच्या गंजीवर, आता वेल्डिंगच्या आडोशाला. जुनी खिळ्यांची भोकं डांबरानं बुजवली. एवढंच.

हिंगोली जिल्हा, शेती

सायकल कोळपं. बऱ्याच जणांकडं आहे, पण बरंचसं धुऱ्यावर पडून आहे, म्हणून सविस्तर लिहायलोय.

चूक होते ती चाकात. लोक मोठ्या सायकलचं पुढचं चाक, फोर्क, हँडल जसंच्या तसं घेतेत. चाक उंच, त्यामुळं आपण ढकलतो ती ताकद खाली न जाता पुढं पळती, पास वरच्या वर सरकती. लेकरांच्या सायकलचं बारकं चाक घ्या. आस जमिनीजवळ आला की कोळपं जड वाटत नाही आन् पास दबून चालती.

आमच्याकडं सोयाबीन १८ इंचांवर. पास १० इंचांची ठेवली की दोन्ही अंगाला चार-चार इंच सुटतेत, रोपाला धक्का नाही. पास वरच्या काकांसारख्या पाट्याच्या पोलादाची. साध्या पट्टीची केली होती ती दोन एकरांत बोथट झाली. पास जिथं दांडीला बसती तिथं जाड पट्टीला ओळीनं भोकं पाडा, म्हणजे बोल्ट बदलून तिरकेपणा कमी-जास्त करता येतो. धार पुढं किंचितच झुकलेली पाहिजे. जास्त झुकली तर जमिनीत घुसून बसती, सपाट राहिली तर तणावरून घसरती.

काळ्या रानात वापसा आल्याशिवाय, म्हणजे ओल बेताची झाल्याशिवाय, हात लावू नका. चिखल चाकाला चिकटतो आन् मडगार्ड असंल तर त्यात ठासून बसतो. मडगार्ड काढूनच टाका. हँडल कमरेच्या किंचित वर. आमच्या घरी ते आईच जास्त वापरती, तिच्या उंचीला दोन भोकं खाली घेतलंय. दुसऱ्याच्या उंचीचं कोळपं ढकललं की संध्याकाळी पाठ बोलती.

परभणी, फ्रिज मेकॅनिक

जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर हवेसाठी वापरतो. आवाज नाही, पण हवाही हळू भरते. धूळ उडवायला, सायकल-मोटारसायकलच्या टायरला, छोट्या रंगकामाला ठीक. मोठ्या स्प्रे गनला नाही. कापायच्या आधी कॉम्प्रेसरवरचं लेबल वाचा. आर६००ए लिहिलं असेल तर तो पेट घेणारा गॅस आहे, नळीला टॉर्च लावायचा नाही. माझ्यासारख्याकडून गॅस काढून घ्या.

टाकी म्हणून ट्रकच्या ब्रेकची जुनी हवेची टाकी घ्या, ती दाबासाठीच बनलेली असते. तिला सेफ्टी व्हॉल्व्ह आणि प्रेशर स्विच हवाच, आणि खालचं पाणी दर आठवड्याला सोडायचं. घरगुती गॅसचा सिलिंडर टाकी म्हणून कापणाऱ्यांना सांगून दमलो; तो आपला नसतोच, कंपनीचा असतो.

बीड: थिनरचा रिकामा ड्रम आहे. त्याची भट्टी करायची तर उभा कापू का?

जालना, फिटर: थांबा भाऊ. रिकामा दिसतो म्हणून रिकामा नसतो. तळाशी ओल असली तरी आत वाफ भरलेली असते आणि ग्राइंडरची एक ठिणगी पुरते. थिनरचा घेऊच नका. भट्टीला ट्रकच्या चाकाची लोखंडी डिस्क घ्या, कापायचं कामच नाही. आतून माती लावा.

बीड: हवेला कूलरचा पंखा चालेल का? घरी पडलाय.

अंबाजोगाई: नाही चालत. कूलरचा पंखा हवा भरपूर देतो पण जोर नाही, कोळशातून पार जात नाही. गाडीच्या हीटरचा ब्लोअर बघा, १२ व्होल्टवर चालतो.

लातूर: एसएमपीएस माझ्याकडून घेऊन जा, पिवळ्या वायरीवर लावा.

बीड: आणि ऐरणीला रेल्वेच्या रुळाचा तुकडा एक जण देतोय.

वाळूज: पावती देतोय का? नसेल तर हात लावू नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा जवळ बाळगण्याविरुद्ध १९६६ पासून कायदा आहे, आणि तुकडा कुठून आला हे तुम्हालाच सांगावं लागेल. त्यापेक्षा फोर्कलिफ्टचा मोडका काटा शोधा. चांगलं पोलाद, वरून सपाट, उभा पुरला की ऐरण तयार. आमच्या ठेकेदाराकडे एक होता, उद्या बघून सांगतो.

हिंगोली: दोन असतील तर एक मला ठेवा दादा.