'समावेशन' म्हणजे नेमकं काय करायचं?

सातरस्ता : एका ओळखीच्या पालक गटासाठी पत्रकाचं भाषांतर करायलेय. १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो, त्यासाठी. इंग्रजी मथळ्यातल्या 'सोशल इन्क्लूजन'वरून मी लिहिलं, 'मानसिक आजारासह जगणाऱ्या व्यक्तींचे सामाजिक समावेशन'. समोरच्या मावशी विड्या वळतात, त्यांना वाचून दाखवलं. सुपातली पानं कातरता कातरता त्यांनी विचारलं, "अधिवेशन कुठंय, पार्कावर का?"
मग मी 'समाजात सामावून घेणे' केलं. त्यावर गटातल्या एका आईनं फोनवर सुनावलं, "माझा पोरगा बाहेरून आलाय का सामावून घ्यायला? ह्याच गल्लीत जन्मलाय." तिथं अडलेय. सोमवारी छापायला द्यायचंय. नवा शब्द पाडू नका, लोकांच्या तोंडी असलेला सांगा.

जुनाकोश : 'समावेश' असताना 'समावेशन' कशाला? त्या 'न'नं काय साधलं? सरकारी भाषांतरकारांनी 'मूल्यमापन', 'सक्षमीकरण' लिहून लिहून आपला कान बिघडवलाय. बाकी मावशींचा कान मात्र तयार आहे. अधिवेशन, समावेश, प्रवेश, आवेश, सगळ्यांच्या पोटात एकच धातू : विश्, आत शिरणे. अंगात येणं म्हणजेही आवेशच.

पूर्वभाग : कोशकाका, मावशींना धातू नकोय, मथळा पाहिजे.
ताई, तुमची पहिली चूक 'आजारासह जगणाऱ्या'. लग्नपत्रिकेसारखं वाटतंय, सहकुटुंब, सहपरिवार, सहआजार. मराठीत साधं 'आजार असलेल्या' म्हणतात. आणि एक गंमत बघा. शुगरवाल्याबद्दल आपण म्हणतो 'त्याला शुगर आहे'. बीपीवाल्याला बीपी आहे. मनाचा आजार आला की 'त्याला आहे'चं 'तो आहे' होतं, तो वेडा आहे, तो मेंटल आहे. आजार माणसाला झालेला नसतो, माणूसच आजार होऊन बसतो. खरी मेख त्या 'ला'मध्ये आहे.

अक्षरशत्रू : 'तो शुगरचा पेशंट आहे' असंही सर्रास म्हणतात. एका प्रत्ययावर एवढा डोलारा नको.

पूर्वभाग : म्हणतात. पण 'शुगर पेशंटचा धिंगाणा' असा मथळा कधी वाचलात? 'मनोरुग्णाचा धिंगाणा' दर पंधरवड्याला असतो.

शेंगाचटणी : ठाण्या-पुण्याच्या स्वमदत गटांत ह्याला शब्द आहे : शुभार्थी. आणि सांभाळणारा तो शुभंकर. पार्किन्सन्सवाल्यांच्या गटातही हेच चालतात. वापरून टाका.

पूर्वभाग : पुण्यात चालेल. आमच्या बोळात अर्धी घरं हिंदी-दखनी बोलतात, त्यांच्या कानाला 'अर्थी' म्हणजे तिरडी. शुभ तिरडी! शिवाय घरी आम्ही तेलुगूत 'पिच्चि' म्हणतो. तुमचं मराठी 'पिसा', 'पिसाट' आमच्याकडूनच गेलेलं असणार.

जुनाकोश : अजिबात नाही. 'पिसा' हा 'पिशाच'वरून आला, प्राकृतातून. उच्चार जवळ आला म्हणून नातं जुळत नाही, नाहीतर पिसू पण तुमचीच म्हणावी लागेल.

पूर्वभाग : घ्या, पिसू पण आमची. आणि पिशाचावरून आलाय म्हणताय तर तो शब्द काय मोठ्या मानाचा झाला का?

जुनाकोश : मान शब्दात नसतो. महानुभावांच्या जुन्या गद्यात रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंना लोक उघड 'वेडे' म्हणतात, 'पिसे' म्हणतात. ते कुणाच्याही घरात शिरतात, वाटेल ते उचलून खातात, हसतात, रागावतात. तरी गाव त्यांना आपलं म्हणतं. तिथं कुणाला 'समावेशन' करायची गरज पडली नव्हती.

अक्षरशत्रू : देवमाणूस ठरला म्हणून. देव न ठरलेल्या पिशांचं काय झालं ते कुणी लिहून ठेवलंय?

जुनाकोश : हा मुद्दा मान्य.

कन्नडमिश्र : आमची आजी अक्कलकोटकडची, तिचा शब्द 'हुच्च'. "हुच्चासारखं करू नको." नातवाला लाडानं, सुनेला रागानं, शब्द एकच. 'खुळा'चंही तसंच. 'काय खुळ्या' म्हटलं तर पोरगं हसतं. पण ज्याला खरोखर गोळ्या चालू आहेत त्याला तेच म्हणून बघा. माझ्या चुलतभावासमोर आम्ही सगळ्यांनी 'खुळ्या', 'येड्या' अगदी ठरवून बंद केलं. चार महिन्यांनी तो म्हणाला, "मला तेवढं कुणी येड्या म्हणेना झालंय."

सातरस्ता : हे वाचून दोन मिनिटं तशीच बसले. पण मथळा?

अक्षरशत्रू : मथळा काहीही ठेवा. शब्द बदलून काय होतंय? वेड्याचं इस्पितळ गेलं, मनोरुग्णालय आलं. तरी आपल्याकडं चिडवायला 'येरवड्याला पाठवू का?' हेच. ठाण्याकडचे ठाण्याला पाठवतात, कोकणातले रत्नागिरीला, विदर्भातले नागपूरला. सरकारनं चार मनोरुग्णालयं बांधली, लोकांनी चार शिव्या केल्या. अपंगाचा दिव्यांग झाला, जिन्याला उतार काही आला नाही.

शेंगाचटणी : असं सरसकट नको. जपानमध्ये स्किझोफ्रेनियाला 'मन दुभंगल्याचा आजार' अशा अर्थाचं नाव होतं, आपल्या 'छिन्नमनस्कता'सारखंच. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेनं मागणी लावून धरली आणि २००२ साली ते अधिकृतपणे बदललं. नव्या नावाचा अर्थ साधारण 'मनाची एकसंध घडी बिघडणे' असा. त्याआधी डॉक्टर पेशंटला निदान सांगायलाच बिचकायचे. निदान सांगण्याचं प्रमाण तीन वर्षांत ३६.७ टक्क्यांवरून ६९.७ टक्क्यांवर गेलं. नाव तोंडातून काढता आलं की पुढची बोलणी होतात.

अक्षरशत्रू : डॉक्टर बोलायला लागले. शेजारी?

भीमाकाठ : उशिरा येतोय. ताईंच्या प्रश्नाला माझ्याकडं एक शब्द आहे, पण तो आमच्या घरच्या लाजेतून आलाय.
आमच्याकडं लग्नाला आवतन तीन तऱ्हेचं. घरटी एक, जोडीनं, आणि चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी या. भावकीतल्या एका लग्नाचं चूलबंद आवतन होतं. निघताना आईनं पहाटेची एक भाकरी, शेंगाची चटणी आणि वाटीभर आमटी परातीखाली झाकून ठेवली. माझ्या धाकट्या काकांसाठी. त्यांना कुणी 'येऊ नका' म्हटलं नव्हतं. 'चला' पण म्हटलं नव्हतं. काका ओट्यावर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. टमटम भरली, गेली. संध्याकाळी आलो तर भाकरी तशीच, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.
पुढच्या वर्षी माझ्या बहिणीच्या लग्नात आचारी बापूंना विचारत होता, घरची पानं किती? बापू म्हणाले, "अठरा." आजीनं आतून हाक दिली, "त्याला धरून का सोडून?" बापू गप्प. मग म्हणाले, "धरून एकोणीस."
म्हणून माझा शब्द 'धरून'. मथळा करा : 'त्यांना धरून मोजा'.

सातरस्ता : हे पाहिजे होतं.

जुनाकोश : शब्द अस्सल आहे. पण 'धरणे'ला दुसरी बाजू आहे. 'त्याला धरलंय' म्हणजे झपाटलंय. 'धरून आणला', 'धरून बांधला'. ज्यांना खरोखर धरून बांधलं जातं त्यांच्याच पत्रकावर 'धरून'? तमिळनाडूत एरवाडीला २००१ साली साखळदंडात जखडलेली २८ माणसं आगीत जळून गेली. तो अर्थ वाचणाऱ्याच्या मनात येणारच नाही असं नाही.

भीमाकाठ : मी पानं मोजतोय कोशकाका, तुम्ही साखळ्या.

जुनाकोश : रागावू नका. मी शब्दाबद्दल बोलतोय, काकांबद्दल नाही.

शेंगाचटणी : कायद्याचं बघू या का? मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, कलम १९. त्यात हा 'इन्क्लूजन' शब्द नाहीच, सरळ क्रियापदं आहेत. समाजात राहण्याचा, समाजाचा भाग असण्याचा आणि समाजापासून वेगळं न काढलं जाण्याचा हक्क. घरचे घेत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्याच कारणावरून कुणाला रुग्णालयात ठेवून घेता येत नाही, हेही तिथंच. 'वेगळं काढणं' तर आपल्या रोजच्या बोलण्यातलं. मथळा : 'वेगळं काढू नका'.

पूर्वभाग : आमच्याकडं वेगळं काढतात ते लग्न झालेल्या थोरल्याला. भांडी वाटून.

अक्षरशत्रू : आणि 'नका'नं सुरू झालेलं पत्रक कुणी वाचत नाही. 'थुंकू नका'च्या शेजारी चिकटवतील.

कन्नडमिश्र : भीमाकाठ, 'चूलबंद' तुमच्या मोहोळकडंच का सगळीकडं? आमच्यात 'चूल बंद' म्हटलं की कुणीतरी गेलंय असं वाटतं. सुतकात चूल पेटवत नाहीत.

भीमाकाठ : मी मोहोळचा नाही, मंगळवेढ्याचा. तिकडं सगळीकडं लग्नालाच.

जुनाकोश : मराठवाड्यातही लग्नाचंच. तरी सुतकाचा अर्थ आधीचा असावा असा माझा अंदाज आहे. शोकात शेजारचे जेवण आणतात, तीच रीत पुढं आनंदाच्या प्रसंगी आली असेल.

पूर्वभाग : अंदाज म्हणताय आणि पिसू मात्र ठामपणे नाकारताय.

सातरस्ता : छापखान्यातून फोन आलाय. गटाच्या अध्यक्षांनी 'सामाजिक समावेशन' तसंच ठेवा म्हणून कळवलं, वरच्या पाहुण्यांना तोच शब्द कळतो म्हणे. खाली जेवणाची ओळ माझ्या हातात होती. तिथं लिहिलंय : 'येणाऱ्यांनी घरची माणसं किती ते आधी कळवावे, सगळ्यांना धरून.'

जुनाकोश : 'कळवावे' की 'कळवावीत'? माणसं किती, म्हणजे अनेकवचन.

अक्षरशत्रू : 'ते कळवावे' बरोबर आहे. 'ते'शी जुळतंय.

जुनाकोश : थांबा, व्याकरण काढतो.