स्टिअरिंगआधी नजर : गाडी शिकल्या-शिकवल्याचे अनुभव

माझ्या भाचीला नुकताच शिकाऊ परवाना मिळालाय. तो सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. मधल्या काळात क्लासवाले क्लच, गिअर, रिव्हर्स, आठचा आकडा सगळं घोटून घेतात. पण समोरचा पुढच्या क्षणी काय करेल, हे ओळखायला कोण शिकवतं? माझ्या मते बहुतेक अपघात तिथेच टळतात. म्हणून ज्यांनी गाडी शिकली, शिकवली, पोटापाण्यासाठी चालवली, त्या सगळ्यांनी इथे लिहा. तुमच्या रोजच्या रस्त्यावरचं सांगा. एक अट आधीच घालते : 'एल' लावलेल्या गाडीत शेजारी परवाना असलेलं माणूस हवंच. "कॉलनीतल्या कॉलनीत तर चालवतोय" हे कुणी लिहू नका.

एसटीतून निवृत्त चालक, सातारा

माझी निम्मी नोकरी घाटात गेली. खंबाटकी, पसरणी, आंबेनळी. नव्या पोरांना पहिलं हेच सांगतो, ज्या गिअरात घाट चढाल त्याच गिअरात उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून गाडी सोडणारे अजून दिसतात. गाडी गिअरात असली की इंजिन तिला धरून ठेवतं, न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर. ब्रेक सारखा दाबून ठेवला की लायनर तापतात, जळका वास सुटतो, आणि मग कितीही दाबा, गाडी हवी तिथे थांबत नाही. असा वास आला तर रुंद जागा बघून बाजूला घ्या आणि गार होऊ द्या. घाई करू नका.

अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी वाट, हा नियमच आहे. भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उचलताना मागे येते. उतरणाऱ्याला थांबणं त्यामानाने सोपं असतं.

आणि एसटी डावीकडे वळत असताना डाव्या बाजूने कृपा करून घुसू नका. मागचं चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, आतून कापत जातं. बसच्या आरशात चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही असंच धरून चाला.

म्युनिक

इथे भारतीय परवाना राहायला आल्यापासून सहा महिनेच चालतो, मग लेखी आणि रस्त्यावरची अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेन बदलण्याआधी आरसा बघून वर खांद्यावरून मागे मान वळवावी लागते, नाहीतर परीक्षक नापास करतो. आरशात न दिसणारा दुचाकीवाला त्या एका नजरेत दिसतो. सिग्नल किंवा पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हेही इथे डोक्यात पक्कं बसतं. हा नियम आपल्याकडेही आहे, आणि वर्तुळाच्या चौकात आत आधीच फिरत असलेल्या गाडीचा हक्क पहिला, हेसुद्धा. ठाण्याला आलो की या दोन गोष्टी मी प्रत्येक नवशिक्या चुलतभावंडाला सांगतो.

ड्रायव्हिंग शिकवणारा, नाशिक

पहिल्या आठवड्यानंतर मी शिकणाऱ्याला बोलत गाडी चालवायला लावतो. जे दिसेल ते मोठ्याने सांगायचं. परवा पन्नाशीच्या एक काकू होत्या. पुढे रस्त्याच्या कडेला रिक्षा उभी.

"काय दिसतंय, काकू?"

"रिक्षा उभी आहे."

"आत कोण?"

"एक बाई. पैसे काढतायत."

"म्हणजे?"

"उतरणार." मग थोडं थांबून, "उजवीकडूनही उतरतील हो!" आणि मी काही म्हणायच्या आत काकूंचा पाय ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर आला.

माझ्या बाजूला जादा ब्रेक असतो, पण त्या दिवसापासून त्यांच्यासोबत मला तो फारसा लागला नाही. चेंडू रस्त्यावर आला की मागून मूल येणार, उभ्या बसच्या पुढून माणूस निघणार, हे तोंडाने बोलून बोलून डोळ्यांत उतरतं. पुढच्या गाडीपासूनचं अंतरही असंच मोजायला लावतो. ती एखादा खांब ओलांडून गेली की "एक हजार एक, एक हजार दोन" म्हणायचं. ते पूर्ण होण्याआधी आपण खांबाशी पोचलो तर फार चिकटलोय. पावसात हे अंतर दुप्पट. साठच्या वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते, पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच तेवढं गेलेलं असतं.

ऊस उत्पादक, वाळवा तालुका

गाळप हंगामात आमच्याकडे रात्रीचं गाडी शिकायला कुणाला पाठवू नये. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, उसाची टोकं मागे लोंबलेली, आणि रिफ्लेक्टर असला तरी चिखलाने माखलेला. साखर कारखान्याच्या वाटेवर समोरून एकच दिवा आला तर मोटरसायकल समजू नका. बऱ्याचदा तो ट्रॅक्टर असतो, उजवीकडचा दिवा गेलेला, आणि ट्रॉली अर्ध्या रस्त्यावर. समोरच्याने अप्पर, म्हणजे लांबवर पडणारा प्रखर झोत, बंद केला नाही तरी आपण डिप्पर, म्हणजे खाली पडणारा झोत, द्यायचाच. त्याच्या दिव्याकडे न बघता डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवायची आणि वेग उतरवायचा.

अपघात विभागातली परिचारिका

हेल्मेटचा पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट पडतानाच उडून जातं. मागच्या सीटवरही बेल्ट कायद्याने लागतो, आणि बाळाला पुढे मांडीवर घेऊन बसू नका. अठराच्या आतल्या मुलाच्या हाती गाडी दिली आणि त्याने गुन्हा केला, तर 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकांना किंवा गाडीमालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि अपघात दिसला तर 108 ला फोन करायला बिचकू नका, सद्भावनेने मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे.

स्कूटरवाली, डोंबिवली

पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून निसरडा थर तयार होतो. तेव्हा वळणावर ब्रेक दाबायचा नाही, वळणाआधी सरळ असतानाच दोन्ही ब्रेक हळूहळू लावून वेग कमी करायचा. झेब्रा क्रॉसिंगचे रंगवलेले पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणं ओली असली की टायर घसरतो, त्यावरून हँडल सरळ ठेवूनच जा. साचलेल्या पाण्यात खड्डा दिसत नाही, म्हणून मी पुढच्या रिक्षाची चाकं कुठे आपटतात ते बघत जाते.